उत्तरासाठी विराम

१

वहिनी नेमकं काय काम करते, हे तिच्या नात्यागोत्यात कुणालाच कधी धड सांगता आलं नाही. कुणी म्हणायचं, भाषांतर करते. कुणी म्हणायचं, प्राध्यापकांचे निबंध तपासते. तिची लेक शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची की आमची आई दुसऱ्यांचं बोलणं नीट करून देते, आणि खरं तर तेच सगळ्यात जवळचं होतं.

सुरुवात झाली ती औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदांपासून. त्यावरचं बारीक टायपातलं परकं लिखाण ती मराठीत आणायची. मग संशोधकांचे निबंध हाती आले. एखाद्यानं ‘असे दिसून येते’ असं लिहिलं की वहिनी समासात लिहायची, ‘कुणाला? कशावरून?’ ही खोड कागदापुरती राहिली नाही. नवरा नुसता "आज उकडतंय" म्हणाला तरी ही मान वर न करता "कशावरून?" म्हणायची. अलीकडची बरीच वर्षं मात्र ती पाठ बांधत होती. एखाद्याला काम येतं, पण ते दुसऱ्याला शिकवता येत नाही. अशा माणसाच्या डोक्यातलं ज्ञान काढायचं, त्याच्या पायऱ्या पाडायच्या, आणि ज्याला काहीच येत नाही त्याला एकेक पायरी चढवत न्यायचं. तिन्ही कामं तिच्यात अशी मिसळून गेली होती की कुठलं कुठं संपतं हे तिलाही कळत नसे.

लग्न होऊन ती या इमारतीत आली तेव्हा धाकटा दीर त्यांच्याकडे राहायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी इमारत वहिनी म्हणू लागली. नवऱ्याला तो दादा म्हणायचा, म्हणून ते सगळ्यांचे दादा. दादा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला, आणि मग तेही पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं. हो म्हणायचं असेल तर ते पापण्या मिटून उघडत. नाही म्हणायचं असेल तर नजर बाजूला नेत. एवढ्या दोन शब्दांत नवराबायकोचा संसार चालला होता.

सकाळी त्यांचं सगळं करायला मावशी यायच्या आणि दुपार व्हायच्या आत पुढच्या घरी जायच्या. दुपार वहिनीची. अशात एका संस्थेकडून काम आलं: घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा कशी करावी, याचे ऐकून शिकायचे पाठ. मूळ मजकूर परक्या भाषेतला. त्याचं भाषांतर करायचं, तो तपासायचा, त्याचे पाठ बांधायचे आणि कच्च्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. पुढं एक नटी पक्क्या आवाजात ते बोलणार होती. वहिनीला वाटलं, हे काम आपल्यासाठीच चालून आलं. करता करता आपणही शिकू.

पाठाचा साचा तिनंच ठरवला. आधी कृती सांगायची, मग प्रश्न, मग ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला विराम, आणि शेवटी बरोबर उत्तर. संस्थेचा समन्वयक, एक तरुण घाईचा गृहस्थ, फोनवर म्हणाला की विराम फार लांब होतात, लोकांना वाटेल फाईल अडकली. वहिनी म्हणाली, नवीन माणसाला उत्तर येत असतं, पण ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायलाच हवा.

२

मागच्या खोलीत कपड्यांचं जुनं कपाट होतं. त्याची दारं उघडून, लटकत्या कपड्यांत तोंड घालून ती बोलायची. कपडे आवाज गिळतात, खोली घुमत नाही. दादांची खोली भिंतीपलीकडं. मधलं दार ती किलकिलं ठेवायची.

पहिला पाठ साधा होता. रुग्णाजवळ जाण्याआधी हात धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. मग काय करणार आहात ते रुग्णाला सांगा, आणि मगच हात लावा. रेकॉर्डिंग झाल्यावर हेडफोन लावून ती ऐकत बसली. पहिल्या प्रश्नानंतरच्या विरामात, अगदी शेवटाला, कुणीतरी श्वास घेतला होता.

तिचा नव्हता. विरामात ती श्वास रोखून धरायची, वर्षानुवर्षांची सवय. आणि हा काही नुसता आत-बाहेर होणारा श्वास नव्हता. बोलण्याआधी घेतात तो होता. उत्तर येत असलेलं मूल हात वर करताना घेतं, तसा.

वहिनीनं आपल्या पद्धतीनं स्वतःलाच हरकती घेतल्या. कपडे हलले असतील. जिन्यातून लिफ्ट गेली असेल. यंत्र जुनं आहे. तिनं कपाट आवरून, मधलं दार लावून पुन्हा सगळं म्हटलं आणि पुन्हा ऐकलं. "रुग्णाला हात लावण्याआधी काय कराल?" असं तिचा आवाज विचारत होता. मग शांतता. मग तो श्वास. आणि मग, कपड्यांच्या आतून यावा तसा, दबका, ना बाईचा ना पुरुषाचा, जीभ नुकतीच वळू लागलेल्या माणसाचा एक शब्द:

"सांगीन."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. अंगावर काटा होता, पण डोकं ठिकाणावर होतं. दादा असतील का? ती धावतच त्यांच्या खोलीत गेली. दादा जागे होते, ओठ कोरडे, मिटलेले. "तुम्ही काही बोललात का?" तिनं विचारलं. त्यांची नजर बाजूला गेली. नाही. पण ती नेहमीसारखी परत तिच्याकडं आली नाही. दाराच्या मागच्या बाजूला जिथं त्यांचा जुना कोट टांगलेला असायचा तिथं थोडा वेळ राहिली, आणि मग आली.

वहिनीनं कोट झटकून पाहिला. कोटच होता.

३

दुसरा पाठ कुशीवर वळवण्याचा. पडून पडून पाठीला जखमा होतात, म्हणून रुग्णाला ठरावीक वेळानं कुशीवर करायचं असतं. हे मावशींना यायचं, पण त्यांची रीत घाईची होती. दादांना ओढून वळवायच्या आणि चादरीला चुण्या तशाच राहायच्या. पाठात सगळं बारकाईनं होतं. खांदा आणि कंबर एकदम वळवा. दोन गुडघ्यांमध्ये उशी द्या, दुसरी पाठीशी. वरचा हात तिसऱ्या उशीवर, बोटं मोकळी. चादर तळहातानं सपाट करा.

रेकॉर्डिंग संपवून वहिनी दादांना पाणी द्यायला गेली आणि दारातच थबकली. जाताना तिनं त्यांना उताणं निजवलं होतं. आता ते डाव्या कुशीवर होते. गुडघ्यांत उशी, पाठीशी उशी. लुळा उजवा हात तिसऱ्या उशीवर, बोटं उलगडलेली. आणि चादर अशी सपाट की तिच्यावर सुरकुती म्हणून नव्हती.

क्षणभर तिला जे वाटलं ते भय नव्हतं, आशा होती. "तुम्ही स्वतः वळलात?" तिनं विचारलं. दादांची नजर बाजूला गेली. "मावशी आल्या होत्या?" पुन्हा बाजूला. तिसरा प्रश्न तिला सुचला होता, पण तो तिनं विचारला नाही. उत्तर हो आलं असतं तर काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा वहिनीनं जरा फिरवून सांगितलं. लेक म्हणाली, मावशींकडं किल्ली आहे ना, आल्या असतील विसरलेलं काहीतरी घ्यायला, आणि तू कपाटात तोंड घालून बसलीस की तुला तरी कुठं ऐकू येतं. किंवा तूच वळवलं असशील, आई. तू किती दमतेस ते तुला कळतं का? वहिनी हो म्हणाली. दमणं खरंच होतं. मिक्सरमध्ये चहाची पूड टाकणं, चष्मा डोळ्यांवर असताना शोधणं, हे तिचं रोजचं झालं होतं. माणूस इतका दमला तर नवऱ्याला कुशीवर करून विसरूही शकतो.

पण निबंध तपासणारी बाई एका निरीक्षणावर विश्वास ठेवत नाही. तिला पडताळा हवा होता.

४

तिसरा पाठ भरवण्याचा होता. वहिनीनं त्यात एक पायरी आपल्या मनानं घुसडली. ती मूळ मजकुरात नव्हती, कुठल्याच शहाण्या मजकुरात असायची नाही. रुग्णाचं तोंड पुसून झाल्यावर चमचा पालथा करून ग्लासच्या तोंडावर आडवा ठेवा. कुणाला सांगितलं नाही, कागदावर लिहिलं नाही. थेट कपाटात तोंड घालून बोलली, तेही इतक्या हळू की भिंतीपलीकडं दादांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याआधी मावशींची किल्ली काहीतरी निमित्त काढून मागून घेतली, आणि बाहेरच्या दाराला आतून कडी लावली.

दादांच्या उशाशी तिनं वाटीत गार व्हायला ठेवलेलं सूप होतं. तिच्या मनात होतं की रेकॉर्डिंग झालं की जाऊन भरवू.

"भरवून झाल्यावर चमचा कुठं ठेवाल?" तिनं विचारलं आणि श्वास रोखला. या वेळी हेडफोनची गरज पडली नाही. कोटांच्या आणि साड्यांच्या मागून, हात पुढं केला तर लागेल इतक्या अंतरावरून, ते म्हणालं:

"पालथा."

उच्चार सुधारला होता.

ती उठली. भिंतीपलीकडच्या खोलीत चालत गेली. दादा उशांना टेकून बसते केलेले होते. वाटी रिकामी. हनुवटीखाली रुमाल, ओठांच्या कडा पुसलेल्या. आणि ग्लासच्या तोंडावर चमचा, पालथा, आडवा.

दादा तिच्याकडं बघत होते. त्यांच्या गालावर थोडी लाली होती. एवढं सूप तिनं किंवा मावशींनी भरवलं तर निम्मं अंगावर सांडायचं, ठसका लागायचा. आज रुमालावर डागसुद्धा नव्हता.

"कोण आहे हो?" तिनं विचारलं. हा काही हो-नाहीचा प्रश्न नव्हता.

५

आता हे सांगितलं तर खोटं वाटेल, पण वहिनीनं काम थांबवलं नाही.

दोन रात्री तिनं दिवे लावून काढल्या. घर बदलावं, लेकीकडं जावं, कुणाला तरी बोलवावं, असं सगळं मनात येऊन गेलं. मग मावशींनी एका सकाळी दादांची पाठ पुसताना तिला हाक मारली. कमरेजवळची जी जखम महिनोन् महिने भरत नव्हती, तिच्यावर कोवळी कातडी धरली होती. "तुमच्या हाताला गुण आहे हो," मावशी म्हणाल्या.

जो कोणी होता तो शिकायला आला होता. आजवर तिनं शेकडो पाठ बांधले, पण ते कोण ऐकतं, ऐकून काय करतं, हे तिला कधी दिसलं नव्हतं. फाईल पाठवायची आणि विसरायची. हा विद्यार्थी समोर होता. म्हणजे समोर नव्हता, पण त्याचं काम समोर होतं. दुपारी ती जे शिकवी ते दुपारीच होऊन जाई. केस धुणं, तोंडाची स्वच्छता, सांध्यांचे व्यायाम. चूक नाही, कसर नाही. ती अंघोळ करून जरा आडवी होऊ लागली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला दुपारची झोप लागली. भीती गेली नव्हती. पण आयती मदत नाकारायचं त्राणही तिच्यात राहिलं नव्हतं. पाठ मांडताना तिच्या आवाजात एक मऊपणा यायला लागला, हे समन्वयकाच्याही लक्षात आलं. या फायली फार छान आहेत मॅडम, तो म्हणाला, जणू कुणी समोर बसलंय.

मग त्यानं शेवटचा पाठ मागितला.

तो त्या मालिकेत पहिल्यापासून होताच, वहिनीनं वेळ आली की बघू म्हणून मागं ठेवला होता. विषय होता अखेरची घटका. रुग्ण जाऊ लागला की त्याच्यापाशी कसं बसावं, आणि गेल्यावर घरच्यांनी काय काय करावं. लख्ख दुपारी तिनं तो उघडला. अशा मजकुराशी तिची जुनी ओळख होती. मन बाजूला ठेवून शब्द बघायचे. आधी नुसत्या कृती उचलायच्या, त्यांच्या पायऱ्या पाडायच्या. कोणती कधी, कुठल्या अटीवर, ते नंतर भरायचं. आणि वाक्य झालं की मोठ्यानं म्हणून बघायचं, जिभेला कुठं अडखळतं का.

"पडदे ओढा," तिनं म्हटलं. "रुग्णाला सरळ निजवा. दोन्ही हात अंगालगत. पापण्या बोटांच्या टोकांनी हळुवार मिटवा आणि काही वेळ धरून ठेवा. हनुवटीखाली कापडाची पट्टी घेऊन तोंड मिटवा." ‘पट्टी’ बरं की ‘घडी’, याचा ती विचार करत होती.

भिंतीपलीकडं पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

६

श्वास थांबल्यावर. हे दोन शब्द तिनं म्हटले नव्हते. ते ती नंतर भरणार होती.

ती खोलीत पोचली तेव्हा आत संध्याकाळ झाल्यासारखा अंधार होता. दादा सरळ निजवलेले होते, पाय जुळवलेले, दोन्ही हात अंगालगत, चादर छातीपर्यंत सपाट. गळ्यावर एक रुमाल लांबट घडी घालून तयार ठेवला होता. दादांचा उजवा डोळा उघडा होता आणि तो तिच्याकडं बघत होता. आजारपणाच्या सगळ्या काळात त्या डोळ्यात तिनं चीड पाहिली होती, कंटाळा पाहिला होता. असं भय कधी पाहिलं नव्हतं. डावी पापणी खाली येत होती. हो म्हणताना ते मिटत तशी नव्हे. तिच्यावर एक लहानशी खळी पडली होती, बोटाचं टोक टेकल्यावर पडते तेवढी, आणि ती खळी हळुवार, शिकवल्याप्रमाणे, खाली सरकत होती.

"थांबा," वहिनी म्हणाली.

पापणी थांबली नाही. ती मिटली आणि मिटलेलीच धरून ठेवली गेली. उजव्या पापणीवर दुसरी खळी पडली.

तिनं पुढं होऊन त्या जागी हात घातला. हाताला काही लागलं नाही, आणि खळीही हलली नाही. किंचाळावं, काहीतरी फेकावं, असं तिला वाटलं. पण इतक्या वर्षांच्या कामाचं जे मुरलेलं असतं ते अशा वेळी आपोआप वर येतं. समोरचं जे काही होतं ते वैरी नव्हतं. ते सांगितलेलं करत होतं. ‘थांबा’ ही काही पायरी नव्हे. ते तिनं त्याला शिकवलंच नव्हतं.

वहिनीनं घसा साफ केला. कपाटात तोंड घालून बोलताना जो आवाज लावायची तो लावला. तो लागेल असं तिला वाटलं नव्हतं, पण लागला.

"पुढचा पाठ," ती म्हणाली.

खळी जागच्या जागी थांबली.

"पाठाचं नाव, काम पूर्ण झाल्यावर. आपला रुग्ण जिवंत आहे. त्याचा श्वास चालू आहे. त्याची आता घरची माणसं काळजी घेतील. म्हणून आधीचा पाठ करायचा नाही. पहिली पायरी. रुग्णाच्या अंगावरचे आपले हात काढून घ्या. दुसरी पायरी. रुग्णाचा निरोप घ्या. तिसरी. पडदे उघडा. चौथी. हात धुवा आणि कोरडे करा. शेवटची पायरी. दारातून बाहेर जा, मागं दार ओढून घ्या, आणि या घरी परत येऊ नका."

आजवर एवढा बिनचूक मजकूर तिनं लिहिला नसेल. कुठं फट राहिली नाही ना, म्हणून तिनं तो मनात पुन्हा एकदा चाळला. मग तिनं प्रश्न विचारला.

"काम पूर्ण झालं. आता काय कराल?"

आणि श्वास रोखला.

विराम फार लांबला. समन्वयकाला वाटलं असतं फाईल अडकली. रस्त्यावरून एक गाडी गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. वहिनीच्या छातीत हवा उरली नाही, कानांत ठोके पडायला लागले, तरी ती थांबली. उत्तर तोंडापर्यंत यायला वेळ लागतो.

पलंगाच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी श्वास घेतला.

"जाईन," ते म्हणालं. एवढा साफ उच्चार त्यानं आजवर केला नव्हता, आणि त्यात नाराजी होती की नव्हती, हे ती पुढं कितीही वेळा आठवून ठरवू शकली नाही.

दादांच्या दोन्ही पापण्या मोकळ्या झाल्या. त्यांच्या खांद्याशी चादरीची कड उचलली गेली आणि नीट खोचली गेली. दादांनी त्या बाजूला पाहिलं, आणि पापण्या मिटून उघडल्या. हो. कशाला हो म्हणाले, ते ठाऊक नाही. मग पडदा सरकला, उन्हाचा एक पट्टा आत आला, आणि त्यात वहिनीला ते दिसलं. एक हात. कोपरापर्यंत बाही दुमडलेला, पडद्याची कड चिमटीत धरलेला. जिथं कोपर संपून दंड सुरू व्हायला हवा, तिथून पुढं नुसतं ऊन होतं.

दुसरा पडदा उघडेपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते. मोरीत नळ सुटला, बराच वेळ चालला, बंद झाला. बाहेरच्या दाराची कडी सरकली. दार उघडलं आणि मागं ओढून घेतलं गेलं, आतल्या माणसाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू.

वहिनी दादांच्या अंगावर कोसळली आणि रडली. दादांचा डावा हात तिच्या पाठीवर आला. तो सरळ आला नाही, चाचपडत आला, पण आपणहून आला.

७

त्याच संध्याकाळी तिनं समन्वयकाला फोन केला. शेवटचा पाठ ऐकायला देऊ नका, वाचायला द्या, असं ती म्हणाली. त्यात प्रश्न नको, विराम नको, आणि प्रत्येक कृतीच्या आधी तिची अट छापा. तो कुरकुरला. मालिकेचा साचा बिघडेल म्हणाला. वहिनीनं त्याला शांतपणे सांगितलं की अटीशिवाय नुसत्या पायऱ्या ऐकू आल्या तर घात होतो, आणि हे मी अनुभवानं सांगते आहे. तिचा आवाज ऐकून त्यानं पुढं वाद घातला नाही.

पुढं नटीच्या आवाजातले पाठ तयार होऊन आले. वहिनीनं ते एका सकाळी, खिडक्या सताड उघड्या टाकून, एकेक ऐकले. पाठांपेक्षा विराम ऐकले. प्रत्येकात नुसती शांतता होती, स्वच्छ, रिकामी, कुणाचीही नसलेली. शेवटच्या फाईलनंतर तिचा जीव भांड्यात पडला. तिनं मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं आणि ज्यांना हवं होतं त्यांना देऊन टाकलं. आता ती बाहेरच्या खोलीत, टेबलावर, घरातल्या आवाजांसकट रेकॉर्डिंग करते.

मावशी दिवसभर राहू लागल्या. दादांना वळवणं, भरवणं, पुसणं दोघी मिळून करतात. चादरीला चुण्या राहतात, सूप सांडतं. वहिनीची कंबर दुखते. लेक येऊन राहून गेली, आणि जाताना म्हणाली, आई, तू दमलेली दिसतेस, पण चांगली दिसतेस.

वाचा परत येऊ लागली ती तुकड्यातुकड्यानं. आधी वस्तूंची नावं, मग माणसांची. तिचं लग्नाआधीचं नाव दादांनी एकदा हाक मारून घेतलं, तेव्हा ती स्वयंपाकघरातच खाली बसली. त्या दुपारबद्दल तिनं कधी विषय काढला नाही. आठवतं की नाही कोण जाणे, आणि नसलं तर बरंच, असं तिला वाटायचं.

एकदा सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत होती. खिडकीतून ऊन येत होतं. दादा आढ्याकडं बघत होते. शब्द जमवायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून ते काही म्हणू बघतायत हे दिसताच ती गप्प राहिली.

"चांगली होती," दादा म्हणाले.

वहिनीचे हात थांबले. कोण, असं तिनं विचारलं नाही. ‘होती’ हा शब्द मात्र तिच्या मनात रुतून बसला. तो की ती, हे तिनं स्वतः कधीच ठरवलं नव्हतं.

"भीती वाटली का हो तुम्हाला?"

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. "शेवटी," ते म्हणाले. मग, "आधी नाही." आणि आणखी थोड्या वेळानं, कपाळाला आठी घालून, जणू एवढीच एक तक्रार होती, "हात फार गार."

त्यांनी डाव्या हातानं तिचा तळवा उचलला, आपल्या गालावर ठेवला, आणि डोळे मिटून घेतले.

"तुझे बरे आहेत," ते म्हणाले.

बाहेर मावशींनी दार वाजवलं आणि "वहिनी, मी आले हो," अशी हाक मारली. उघडते, असं वहिनी म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.